विषय: अपलोड १०० टक्के, तरी टाइमआउट

नमस्कार मंडळी,
गणेशोत्सवातल्या नाटकाचं रेकॉर्डिंग (एकच फाइल, ६.२ जीबी) फाइलझिला या फाइल चढवायच्या प्रोग्राममधून एफटीपीने (फाइल पाठवायचा जुना प्रोटोकॉल) मंडळाच्या सर्व्हरवर चढवतेय. फोटो झटक्यात जातात. ही फाइल जवळपास ७० मिनिटांनी १०० टक्के दाखवते, मग २० सेकंद गप्प, आणि टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत संपली). पुढे फाइलझिला विचारतं, फाइल आधीच आहे, ओव्हरराइट करू का? सेटिंगमध्ये ही मुदत २० ची ६०० सेकंद केली, तर आता तेच दहा मिनिटं उशिरा होतं.
– सांस्कृतिक समिती

*

ताई, ओव्हरराइट अजिबात दाबू नका! फाइल बहुतेक पोचली आहे, पोचपावती तेवढी आलेली नाही.

एफटीपी दोन कनेक्शनं वापरतं. पोर्ट (सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) २१ वर हुकूम आणि उत्तरं, तर फाइल दुसऱ्याच पोर्टवरून जाते. ७० मिनिटं दुसऱ्यावर धो धो वाहतूक आणि पहिलं एकदम चिडीचूप. काही राउटर असं निपचित पडलेलं कनेक्शन काही मिनिटांतच आपल्या यादीतून काढून टाकतात, आणि कोणत्याच टोकाला कळवत नाहीत. सर्व्हर शेवटी '२२६ ट्रान्सफर कम्प्लीट' म्हणतो, पण ते तुमच्यापर्यंत येतच नाही. म्हणून ६०० काय नि ६००० काय, मेलेल्या लाइनवर वाट बघणंच आहे ते. टाइमआउट वाढवून उपयोग होतो तो सर्व्हरच २२६ द्यायला वेळ लावत असेल तेव्हा, उदाहरणार्थ फाइल आल्यावर व्हायरस स्कॅन चालत असेल तर.

आधी दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून बघा. जीबीत नको, गोल आकडा फसवतो. सारखा असेल तर 'स्किप', सर्व्हरवर कमी असेल तर 'रिझ्यूम'.

पुढच्या वेळी एसएफटीपी वापरा. नाव सारखं असलं तरी तो वेगळाच प्रोटोकॉल. पोर्ट २२ वर एकाच कनेक्शनमध्ये सगळं चालतं, त्यामुळे ही भानगड उद्भवतच नाही. शिवाय साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो.
– एक सभासद

*

एसएफटीपी जमेपर्यंत सेव्हन-झिप या फाइल दाबायच्या प्रोग्रामने तुकडे केले तर? ५०० एमबीचे?
– सांस्कृतिक समिती

*

५०० नको. ६.२ जीबीला ७० मिनिटं म्हणजे तुमचा अपलोड वेग साधारण १२ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद). त्या वेगाने ५०० एमबीला साडेपाच मिनिटं लागतात, आणि राउटरची मर्यादा पाच मिनिटांची असेल तर पुन्हा तेच. ३०० एमबी घ्या: प्रत्येकी २०० सेकंद, एकूण २१ तुकडे. कॉम्प्रेशन 'स्टोअर'वर (न दाबता नुसतं साठवणं) ठेवा. व्हिडिओ आणखी दाबला जात नाही, नुसता वेळ जातो.

वेब समितीसाठी: लिनक्स सर्व्हरवर टीसीपी कीपअलाइव्हची (गप्प कनेक्शन जिवंत ठेवायला पाठवलेला छोटा संदेश) पहिली खेप मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. ती १२० करा. एफटीपी सर्व्हरने कीपअलाइव्ह चालू ठेवलेलं असेल तरच फरक पडेल, तेही तपासा.

आणि कुणाचं पहिल्या काही सेकंदांतच ४२५ (डेटा कनेक्शन उघडता येत नाही) येऊन अडत असेल, तर आजार वेगळा. तिथे पॅसिव्ह मोडची (फाइलसाठी सर्व्हरच पोर्ट सांगतो ती पद्धत) पोर्टं फायरवॉलमध्ये बंद असतात. लॉगमधल्या २२७ च्या ओळीतले (सर्व्हर ते पोर्ट तिथेच कळवतो) शेवटचे दोन आकडे घ्या, पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवा. १९५,८० असेल तर पोर्ट ५००००. ते उघडं हवं.
– एक सभासद

*

दोन्हीकडे ६,२१,४०,७२,९६० बाइट. स्किप केलं.
– सांस्कृतिक समिती

*

एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला डिजिटल ठसा) सुद्धा जुळला, मूळ फाइल आता लॅपटॉपवरून काढायला हरकत नाही. कीपअलाइव्ह १२० केलंय. एसएफटीपीचं खातं उघडलं आहे, पासवर्ड लिस्टवर टाकणार नाही, फोन करा.
– वेब समिती