जिमी व्हाइट यांना विश्वविजेतेपद का मिळाले नाही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): स्नूकर शिकणारा माझा मुलगा व्हाइट यांचे जुने सामने आवडीने पाहतो. 1984 ते 1994 या काळात सहा वेळा विश्व अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही ते एकदाही जिंकले नाहीत, हे दुर्दैव मानावे की खेळातील उणीव?

प्रतिसाद (वाशी): 1992 चा अंतिम सामना पाहावा. स्टीफन हेंड्री यांच्यावर 14-8 अशी आघाडी असताना व्हाइट यांनी सलग दहा फ्रेम (सामन्यातील स्वतंत्र डाव) गमावल्या. त्याच स्पर्धेत त्यांनी 147 गुणांचा ब्रेक (एकाच खेपेत न चुकता मिळवलेले गुण; 147 हे सहसा कमाल मानले जातात) केला होता, हे आठवले की आजही वाईट वाटते. 1994 मध्ये तर 17-17 नंतरच्या निर्णायक फ्रेममध्ये व्हाइट यांचा स्पॉटवरचा (टेबलावरील ठरलेल्या खुणेवरचा) सोपा काळा चेंडू चुकला. माझ्या मते हे दुर्दैव नव्हे, दडपणाखाली झालेली घाई होती.

प्रतिसाद (कोपरी, ठाणे): सहांपैकी चार पराभव हेंड्री यांच्याकडून झाले, हेही लक्षात घ्यावे. शिवाय 1984 ची मास्टर्स आणि 1992 ची यूके चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या खेळाडूला अपयशी म्हणणे मला मान्य नाही. आपल्या मुलाला 1984 च्या मास्टर्सचा उपांत्य सामना अवश्य दाखवा. प्रतिस्पर्धी कर्क स्टीव्हन्स यांनी 147 चा ब्रेक करूनही व्हाइट 6-4 असे जिंकले.