मदत हवी आहे : आवाज न करणारा एअर हँडलर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर जुनं, दुमजली. एअर हँडलर (घरभर गरम-गार हवा ढकलणारं पंख्याचं मशीन) माळ्यावर, नेमका आईच्या खोलीच्या डोक्यावर. सुरू झाला की पिठाची गिरणी बरी! आई पुण्याहून आली की पहिला आठवडा तिला झोपच नसते. आता हीट पंपासकट (उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब देणारं यंत्र) सगळंच बदलायचंय.

तीन ठेकेदार येऊन गेले. दोघांनी जुन्या मशीनवरची पट्टी वाचून '४ टन' (म्हणजे मशीनची गार-गरम करायची क्षमता) सांगितलं. तिसऱ्याने खोल्या, खिडक्या, इन्सुलेशन मोजलं आणि ३ टन पुरेल म्हणाला. शिवाय डक्टमधला (हवा वाहून नेणाऱ्या नळीतला) स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना मशीनवर येणारा दाब, मोजला: ०.९ इंच (पाण्याच्या उंचीत). मशीन साधारण ०.५ ला धरलेलं असतं म्हणे. रिटर्नची (घरातली हवा मशीनकडे परत नेणारी) जाळी अख्ख्या घरात एकच, तीही अरुंद. टनामागे सुमारे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा तिथूनच खेचायची, म्हणजे घरघर होणारच. मला तर निम्मा दोष डक्टचाच वाटतो.

व्हेरिएबल स्पीड मोटरचा एअर हँडलर कोणी बसवलाय का? मंद गतीवर तो शांत असतो हे पटतं, पण डक्ट अरुंदच राहिला तर ही मोटर उलट जास्त जोर लावते आणि वीजही खाते, असं वाचलंय. दुसरा रिटर्न काढून घेतलेल्यांनी खर्च जरूर सांगा. आणि जानेवारीच्या कडाक्यात हीट स्ट्रिप (हीट पंप कमी पडला की लागणारा विजेचा हीटर) किती वेळा लागते? बिलाची धास्ती त्याचीच आहे.