मदत हवी आहे: काउंटीचं ठाणं (जिल्ह्याचं मुख्य गाव) तिथेच का? (तातडीचं)

सईचीआई: लेकीला सोमवारी प्रोजेक्ट द्यायचंय. गाव तिथे का वसलं आणि काउंटीचं कोर्ट तिथेच का, नकाशासकट. शोधायला गेलं की नुसत्या वाइनरीज आणि ख्रिसमसची रोषणाई. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा प्लीज.

कमिंगकर: गाव कुठलं? अमेरिकेतल्या या जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या आहेत. आणि इयत्ता?

सईचीआई: अहो डालोनेगा! लंपकिन काउंटी. आठवी.

रानवाट: शनिवारी गेलात तर चौकात पार्किंग मिळत नाही, सकाळी लवकर निघा. जवळच अमिकलोला धबधबा आहे, ७२९ फूट. आईबाबा आले असतील तर पायऱ्या नकोत, गाडीने वर जाऊन बघा.

सईचीआई: जायचं नाहीये, लिहायचंय.

दगडधोंडे: नकाशात आधी सोन्याचा पट्टा काढा, नैऋत्येकडून ईशान्येकडे, ब्लू रिज डोंगररांगेच्या पायथ्याने. गाव त्या पट्ट्यावरच आहे. सोनं गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमध्ये, आणि भोवतीचा खडक इतका कुजलेला की हाताने चुरा होतो. म्हणून नंतर डोंगरातून पाट काढून पाण्याच्या झोताने टेकड्याच्या टेकड्या धुऊन काढल्या. १८२९ ला सोनं शोधणाऱ्यांचा लोंढा आला. अमेरिकेतला पहिला गोल्ड रश.

शार्लटवाला: पहिला कसा? नॉर्थ कॅरोलायनात रीडच्या शेतात १७९९ लाच सोनं सापडलं होतं.

दगडधोंडे: सापडणं वेगळं, लोंढा येणं वेगळं.

शार्लटवाला: लोंढाही आला होता. तिथलं शार्लट आणि आपलं डालोनेगा, दोन्हीकडे सोन्याची नाणी पाडायच्या टांकसाळी होत्या, त्यांना १८३५ च्या एकाच कायद्याने मंजुरी मिळाली. मुलीला 'सुरुवातीच्या गोल्ड रशपैकी एक' असं लिहू दे.

कमिंगकर: कोर्टाचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही. १८३२ ला राज्याने चेरोकी या मूळ रहिवाशांची जमीन सोडत काढून वाटली, सोन्याच्या भागात ४० एकरांचे तुकडे. त्याच वर्षी काउंटी झाली. गर्दी आधी जवळच्या ऑरेरिया गावात होती, पण तिथल्या जागेच्या मालकीचा घोळ निघाला, म्हणून १८३३ ला ठाणं डालोनेगाला. चौकाच्या मधोमध विटांचं कोर्ट १८३६ चं. १९६५ ला कोर्ट दुसऱ्या इमारतीत गेलं, जुन्यात आता गोल्ड म्युझियम आहे. त्या विटांच्या मातीतसुद्धा सोन्याचा अंश आहे.

माधवी_अल्फारेटा: 'सोडत काढून वाटली' एवढ्यावर विषय संपवू नका हो. ती माणसं तिथे राहत होती. १८३० च्या कायद्याने चेरोकींना स्वतःच्याच जमिनीत सोनं खणायला बंदी केली. १८३२ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे लागू नाहीत असा निकाल दिला, तरी १८३८ ला लष्कराने त्यांना हाकललं. डालोनेगाची पहिली नाणीही १८३८ चीच. या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी लिहायलाच हव्यात.

नाणीवेडा: नाणी फक्त सोन्याची, त्यांवर डी अक्षर. हल्लीच्या क्वार्टरवरचा (पाव डॉलरच्या नाण्यावरचा) डी डेन्व्हरच्या टांकसाळीचा, त्यात गल्लत करू नका. टांकसाळ १८७८ ला जळाली, त्याच पायावर तिथल्या कॉलेजचा प्राइस मेमोरियल हॉल उभा आहे, सोनेरी कळसाचा.

सईचीआई: थांबा. मग टांकसाळ सोनं संपलं म्हणून बंद पडली का? मुख्य प्रश्न तोच आहे.

कमिंगकर: हे आधी सांगायचं ना!

दगडधोंडे: सोनं संपलं नव्हतं. १८४९ ला खाणवाले कॅलिफोर्नियाला पळाले, उतार तिथून लागला.

नाणीवेडा: तरी टांकसाळ १८६१ पर्यंत चालू होती. ती यादवी युद्धामुळे बंद झाली, दक्षिणेच्या राज्यांनी ताब्यात घेतल्यावर.

शार्लटवाला: ऑरेरियाचा ग्रीन रसेल १८५८ ला माणसं घेऊन रॉकी पर्वताकडे गेला. डेन्व्हरच्या जागी आधी ऑरेरिया नावाचंही गाव होतं, ते इथूनच गेलेलं.

रानवाट: जवळच स्प्रिंगर माउंटन. ॲपलाशियन ट्रेल तिथूनच सुरू होते.

कमिंगकर: सईची आई, नकाशा हाताने काढायचाय की छापील चालेल? ऑरेरिया वेगळं दाखवा, डालोनेगाच्या नैऋत्येला.