कोर्टात तो कसा उभा होता? तुम्ही काय पाहिलंत ते सांगा

रविवारी घरी भांडण झालं. माझा लेक, वय १९, मोबाईलवर जुन्या क्लिपा बघत लोळत होता, ते जॉनी डेप आणि अंबर हर्ड या हॉलिवूडच्या घटस्फोटित जोडप्याचं २०२२ चं प्रकरण, अमेरिकेत व्हर्जिनियात सहा आठवडे चाललं आणि सगळं लाइव्ह दाखवलं तेच. मधेच ओरडला, आई बघ बघ, डोळ्यात टिपूस नाही आणि टिश्यू नाकाला, खोटारडी आहे ही. आमचे बाबा, वय ७८, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, अरे आमच्या वेळी एकाला नुसता युनिफॉर्म बघून सोडला होता.

नानावटी. बाबा तेव्हा १२ वर्षांचे, आजोबा नाशिकरोड स्टेशनवरून ब्लिट्झ आणायचे आणि वाड्यात तो अंक फाटेपर्यंत फिरायचा. २५ पैशांचा पेपर मुंबईत २ रुपयाला विकला जायचा म्हणे. नेव्हीचा कमांडर, एप्रिल १९५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, आणि कोर्टात यायचा तो पांढराशुभ्र गणवेश, छातीवर मेडल्स. माझी आजी जिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं ती नुसता फोटो बघून म्हणायची, असा माणूस उगाच मारेल का हो कुणाला. ज्युरीनेही ८ विरुद्ध १ ने तेच म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली, १९६१ ला सुप्रीम कोर्टानेही कायम केली, मग १९६४ ला माफी. आजी शेवटपर्यंत म्हणत होती की अन्याय झाला त्याच्यावर!

तर लेकाला मी झापलं खरं पण नंतर वाटलं आजी तरी काय वेगळं करत होती. म्हणून हा धागा. नाववाल्या माणसाला कोर्टात उभं असलेलं तुम्ही स्वतः पाहिलंय का? कसा वागला? तुमचं मत फिरलं का? स्वतः पिंजऱ्यात उभे राहिला असाल तरी लिहा. इथल्या ओळखीच्यांची नावं मात्र टाकू नका प्लीज.

निवृत्त शिरस्तेदार
ताई, ३१ वर्षं याच कामात गेली, जिल्ह्यातल्या बहुतेक कोर्टांत बदल्या झाल्या, शेवटची काही वर्षं सीबीएससमोर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडसमोरच्या कोर्टात. एक सांगतो, कुठलं कोर्ट ते विचारू नका.

टीव्हीवर रोज संध्याकाळी दिसणारा एक नट होता, चेक बाउन्सचं प्रकरण, १३८. पहिल्या दोन तारखांना आलाच नाही, वकिलाने हजेरी माफीचा अर्ज दिला, शूटिंग आहे म्हणून. तिसऱ्या तारखेला साहेबांनी अर्ज नामंजूर केला तेव्हा आला. कपाळाला गंध, साधा कुर्ता, पायात कोल्हापुरी. आल्या आल्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, देवळात करतात तसा. पॅसेजमध्ये ही गर्दी, बायका, कॉलेजची पोरं, दोन ज्युनियर वकील सुद्धा फोटो काढून घेत होते. सगळे एकच म्हणत होते, किती साधा आहे हो, जमिनीवर पाय आहेत.

त्याच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, तीन नंबर खाली, निफाडकडचा एक कांदेवाला होता. १३८ च, रक्कम नटाच्या मानाने चिल्लर. हा माणूस टेम्पोतून उतरून थेट आलेला, शर्टाला कांद्याची टरफलं चिकटलेली, पुकारा झाला तेव्हा तोंडात तंबाखू होती ती थुंकायला बाहेर पळाला आणि तेवढ्यात दुसरा पुकारा झाला. आत आला तर ओठ पुसतोय. मागच्या बाकावरचे हसले, एक जण म्हणाला दिसतोच आहे चारसोबीस. आता खरं सांगतो, रोजनाम्यात दोघांच्या नावापुढे मी एकच वाक्य लिहिलं, आरोपी हजर, पुढील तारीख अमुक. गंध नाही, तंबाखू नाही.

लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, साक्षीदार साक्ष देताना कसा वागला याबद्दल न्यायाधीश शेरा लिहू शकतात, जुन्या फौजदारी संहितेत कलम २८० होतं ते त्यासाठीच. ते साक्षीदारासाठी. पिंजऱ्यातला गप्प बसला, हसला, झोपला, तरी त्याच्यावर गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याचीच राहते.

सातपूरकर
मी सलमान खानचा फॅन होतो, लपवण्यासारखं काय आहे त्यात. कंपनीत सेकंड शिफ्ट असायची, पण ६ मे २०१५ ला सुट्टी टाकली आणि आम्ही चौघं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. कोर्टात कोण घेणार आम्हाला, वांद्र्याला त्याच्या बिल्डिंगसमोर उभे. दुपारी कळलं पाच वर्षं झाली. आमच्यातला एक ढसाढसा रडला, फूटपाथवर बसून, आणि मला आज लाज वाटते ती याची की आम्ही फूटपाथवर बसलो होतो आणि २००२ च्या सप्टेंबरमध्ये बेकरीपुढे जी माणसं गाडीखाली आली ती फूटपाथवरच झोपलेली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही टीव्हीवाल्याला हेच विचारत होतो की भाईचा चेहरा कसा होता, रडला का, कुणाला मिठी मारली. संध्याकाळी हायकोर्टातून जामीन मिळाल्याचं कळल्यावर फटाके. डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं, तेव्हाही आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले.

मग एकदा लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता तर रवींद्र पाटीलबद्दल वाचलं. सलमानच्या संरक्षणाला दिलेला पोलीस कॉन्स्टेबल, आपल्यातलाच पोरगा, तक्रार त्यानेच नोंदवलेली. नंतर तारखांना आला नाही म्हणून वॉरंट निघालं, अटक झाली, नोकरी गेली, २००७ ला टीबीने वारला. हायकोर्टाने त्याची साक्ष पूर्ण विश्वासार्ह धरली नाही, ते कायद्याचं मला कळत नाही आणि त्यावर बोलणार पण नाही. पण हिरो कोर्टात कसा उभा होता ते मला पाठ होतं आणि हा कसा उभा राहिला असेल हे मी १३ वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. एवढंच.

गंगापूर रोडवाला
एवढी दया कशाला? या लोकांना काय घालायचं, कुठे बघायचं, कधी पाणी प्यायचं हे सगळं शिकवणारी टीम असते. तो पांढरा शर्ट काय आपोआप चढतो का अंगावर.

सीबीएसची वकीलीण
गंगापूर रोडवाले दादा, टीम सोडा, मी माझ्या गरिबातल्या गरीब पक्षकाराला पण सांगते की दाढी करून या, चप्पल नको, मोबाईल बंद, साहेबांशी नजर देऊन बोला. मागच्या महिन्यात एकाला माझ्या भावाचा शर्ट दिला घालायला, त्याचा फाटका होता. ते नाटक आहे का? असेल.

आणि धागेवाल्या ताई, लेकाला सांगा की अंबर हर्ड आरोपी नव्हती, तो बदनामीचा दिवाणी दावा होता, ती प्रतिवादी. डेपने लावलेला. मला त्यात एकच गोष्ट इंटरेस्टिंग वाटते. २०२० मध्ये लंडनला डेपने एका पेपरवर दावा लावला होता, बायकोला मारणारा म्हटलं म्हणून. तिथे ज्युरी नाही, कॅमेरा नाही, एकच न्यायाधीश, आणि डेप हरला. दोन वर्षांनी व्हर्जिनियात सात जणांची ज्युरी, लाइव्ह कॅमेरा, ज्युरी रोज संध्याकाळी आपापल्या घरी जाणार (सोशल मीडिया बघू नका असं सांगितलेलं, हो ना, बघितलंच नसेल!) आणि तिथे बऱ्याच अंशी डेप जिंकला. दावे वेगळे, प्रतिवादी वेगळे, कायदाही वेगळा, त्यामुळे कॅमेऱ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे ट्रायल कोर्टात असा कॅमेरा नाही याचं मला तरी बरं वाटतं. माझ्या उलटतपासाचे रील झालेले मला चालणार नाहीत, केस बांधलेले नसतात माझे.

पंचवटीतले सर (इतिहास, आता निवृत्त)
फिल्मी लोकांपलीकडे पण बघा जरा. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. स्वतःचा बचाव स्वतः केला, सगळं मिळून जवळजवळ २१ तास बोलले, ते पण पुस्तकं उघडून, ज्युरीला कायदा समजावत. मजा अशी की समोर न्यायमूर्ती होते दावर, आणि याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून त्यांना जामीन मिळवून दिला होता. आपल्या जुन्या पक्षकाराला सहा वर्षं मंडालेला पाठवताना काय वाटलं असेल हो त्या माणसाला. ज्युरी ७ विरुद्ध २. २२ जुलैला रात्री निकाल, आणि नंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. कोर्टात काय घडलं हे कामगारांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलंच. तिथे टिळक जे शेवटचं बोलले ते आज त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलंय, मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलोय बघायला.

आणि आपल्या नाशिकचंच म्हणाल तर अनंत कान्हेरे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. खटला मुंबईत, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. वय १८. सरकारी कागदात तो खुनी, आणि आमच्या गल्लीत त्याचं नाव घेताना म्हातारी माणसं हात जोडायची.

सिडकोची मावशी
मी लिहू की नको तीन दिवस विचार करतेय. भिशी चालवायचे मी, २२ बायका. दोघींनी उचलून नेली आणि भरलीच नाही, मग बाकीच्यांना पैसे द्यायला मी चेक दिले आणि ते बाउन्स. एकीने केस केली. मी काही सेलिब्रिटी नाही पण आमच्या चौकात माझ्याएवढं प्रसिद्ध त्या वर्षी कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी मी आत उभी, हात थंडगार, पदर पिळून पिळून त्याची वात झालेली. साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, आणि नेमकं त्या वेळी दारात माझा भाचा दिसला, धापा टाकत आलेला, डोक्यावर हेल्मेट तसंच. काढायचं विसरलेला. मला हसू फुटलं. दाबलं पण फुटलंच. नाही म्हटलं मी साहेबांना, गुन्हा कबूल नाही, आणि ओठांवर हसू तसंच.

झालं. संध्याकाळपर्यंत आमच्या लाइनीत सगळीकडे, कोर्टात हसत होती म्हणे, लाज नाही शरम नाही. पैशाचं कुणी विचारत नव्हतं, हसलीस का तेच. किराणावाल्याने उधारी बंद केली, हळदीकुंकवाला बोलावणं बंद. चार वर्षं तारखा झाल्या, मग सुटले. आता मी बसमधून सीबीएसला उतरले की मेहेर सिग्नलकडे, म्हणजे कोर्टाच्या बाजूला, तोंडच करत नाही, लांबून जाते.

पण एक कबूल करते. परवा टीव्हीवर एक नटी कोर्टातून बाहेर येताना दाखवली, काळा गॉगल, च्युइंगम चघळत, आणि माझ्याच तोंडून निघालं, बघा कशी चालतेय, हिला काही वाटत तरी असेल का. सून माझ्याकडे बघत राहिली.

प्रेसवाल्याचा मुलगा, जेलरोड
मावशी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं.

माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसला होते, मुद्रांक छापतात तिथे. तेलगीचं बनावट स्टॅम्प पेपरचं प्रकरण निघालं तेव्हा मी शाळेत. प्रेसमधल्या मोडीत काढलेल्या मशिनी त्याच्याकडे गेल्या ही बातमी आली आणि आख्खी प्रेस संशयात. वडील कुठल्याच प्रकरणात नव्हते, साक्षीदारही नव्हते, पण लग्नात लोक हसत हसत विचारायचे, काय मग, तुमच्याकडे किती आले? ते पण हसायचे. आणि कोणी म्हणायचं बघा, हसतोय. इकडे मुद्रांक चोरीचा एक खटला नाशिकच्या कोर्टात चालू होता, त्याचा निकाल ३१ डिसेंबर २०१८ ला लागला, तेलगी धरून सगळे निर्दोष सुटले. तेलगी आधीच वर्षभरापूर्वी वारलेला, दुसऱ्या खटल्यांतल्या शिक्षा भोगता भोगता. निकालाची बातमी मी वडिलांना वाचून दाखवली. म्हणाले, थर्टी फर्स्टला कोण वाचतंय ही बातमी.

धागा काढणारी
मावशी, लेकाला तुमचं वाचायला दिलं. हेल्मेटवर तो हसला आणि मग एकदम गप्प झाला, बोलला काहीच नाही, मीही विचारलं नाही. बाबा मात्र म्हणतात की टिळकांची तुलना भिशीशी कशाला. सरांनी त्यांना उत्तर द्यावं.

शिरस्तेदार काका, तुमचा तो नट आणि कांदेवाला डोक्यातून जात नाहीत. पुढे काय झालं त्यांचं?

निवृत्त शिरस्तेदार
नटाचं मिटलं, दीड वर्षात. त्या दिवशी तो आलाच नव्हता, हजेरी माफी, वकिलाने डीडी दिला, फिर्यादीने केस काढून घेतली, दहा मिनिटांचं काम. तरी लोक विचारायला आलेच, आज येणार का म्हणून.

कांदेवाला प्रत्येक तारखेला यायचा. नंतर नंतर तंबाखूची पुडी बाहेर चहावाल्याकडे ठेवून यायला लागला. मी रिटायर झालो तेव्हा त्याची केस चालूच होती, फिर्यादीचा उलटतपास अर्धा झालेला.