मदत हवी आहे: मामेबहीण अठराची, बाळ चार महिन्यांचं, पण बाळ तिच्या हातात येतच नाही

नमस्कार, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी मामेबहीण बीड जिल्ह्यातली. मामा-मामी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून सतराव्या वर्षीच लग्न उरकलं, नववीतच शाळा सुटली. आमच्याकडं हे घरोघरी आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळपास ४४ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. मला कळलं होतं तरी मी गप्प बसले, ते अजून टोचतं.

गेल्या आठवड्यात तिच्याकडं चार दिवस राहून आले. बाळाची अंघोळ सासूबाई घालतात, टाळू त्याच भरतात, डोसाला त्याच नेतात, हिच्याकडं फक्त पाजायला. पाजून झालं की लगेच उचलतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "तिला काय कळतंय, तीच अजून लेकरू आहे." बाई वाईट नाहीत हो, नातीवर जीव आहे त्यांचा. पण ही पोर आता बाळ रडलं की आधी सासूच्या तोंडाकडं बघते. मला म्हणाली, "ताई, माझ्याकडं आली की जास्तच रडते, मला जमत नाही बहुतेक."

आणि त्याच रात्री मला जाग आली तर ही अंधारात पाय लांब करून बसलेली, बाळ पायांवर, आणि त्याला हळू आवाजात शाळेतल्या पुस्तकातली कविता म्हणून दाखवत होती कारण अंगाई येत नाही. बाळ टक लावून बघत होतं.

सासूबाईंना न दुखावता हे कसं सांगू? आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीचा विषय आत्ताच काढू का?

प्रतिसाद: ताई, मी आशा सेविका आहे, अकरा वर्षं झाली. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आमच्या सहा घरभेटी असतात. आई लहान असली की प्रत्येक प्रश्नाला सासूच उत्तर देते. मी थर्मामीटर पोरीच्याच हातात देते, तूच काखेत लाव, तूच आकडा वाच. तिनं आकडा वाचला की घरातल्यांचं तिच्याकडं बघणं बदलतं. सासूला "तुम्ही करू नका" म्हणू नका, "तुमच्यासारखी अंघोळ तिला शिकवा" म्हणा. दहावीचं आत्ताच काढा. आणि दुसरं बाळ लगेच राहू देऊ नका, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, अंगावर पाजत असली तरी चालतं.

धागाकर्ती: खूप आभार ताई. काल फोन केला. नवव्या महिन्याच्या डोसाला तीच नेईल, एवढं सासूबाईंनी कबूल केलं. अंघोळीला मात्र अजून नाहीच म्हणाल्या, रविवारी परत बोलते.