फर्लो आणि पॅरोल एकच नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की पोलिसांचा रिपोर्ट उलटा आला की फर्लो, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ठरावीक काळाने मिळणारी सुट्टी, संपला, तसं नाही हो. आमच्या राजापूरकडे चौकशीला हवालदार कैद्याच्या घरी येतो, पडवीत बसून पोलीस पाटील, शेजारी, जामीनदार यांचे जबाब घेतो, पण नुसतं 'गावात तणाव होईल' एवढंच लिहून भागत नाही, त्याला आधार लागतो. नामंजुरीची ऑर्डर लेखी मागा, कारणं वाचा. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळालेल्या तात्पुरत्या सुटकेचे, नाही, आणि उशिरा हजर झालात तर माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापतात, तेव्हाही कैद्याचं म्हणणं आधी ऐकायलाच हवं. नामंजुरीविरुद्ध जायचं तर २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, कोल्हापूरलाच आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कैद्याला वकील फुकट देतं, तिथे आजच अर्ज करा.