जुनी एमएम ५४० घरीच रंगवायची आहे. बजेट ₹९,०००, कॉम्प्रेसर नाही

घाटवाट_चिपळूण
गाडी महिंद्रा एमएम ५४० जीप, १९९४चं मॉडेल, सॉफ्ट टॉप (कापडी छत). इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत, पण पत्र्याचे हाल आहेत. मागच्या टबच्या (बॉडीचा मागचा उघडा भाग) कोपऱ्यांत गंज, बॅटरीच्या ट्रेखाली दोन भोकं, बॉनेटवर जुन्या रंगाचे पोपडे. आधीच्या मालकाने मूळ रंगावर काहीतरी मारलंय. ते एनॅमल (तेलकट, सावकाश वाळणारा रंग) आहे की एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये विरघळणारा, पटकन वाळणारा रंग), कळत नाही. गॅरेजवाले सांगतात तो आकडा परवडणारा नाही. घरी शेड आहे, तीन बाजूंनी उघडी.

रोलरने रंग दिला तर टिकेल का? कोणता प्रायमर, किती रंग, कोणत्या नंबरचे घासायचे पेपर? रंग ऑलिव्ह ग्रीन, मॅट द्यायचा विचार आहे.

पत्रा_पेपर_प्रायमर
टिकेल, नक्की टिकेल. जीपला सपाट पत्रा जास्त, गोलाई कमी, त्यामुळे रोलरला यापेक्षा सोपी गाडी नाही.

पहिलं काम म्हणजे जुना रंग ओळखणं. पांढऱ्या चिंधीवर एनसी थिनर घ्या आणि बॉनेटच्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून चिंधीला लागला तर एनसी. फुगला, सुरकुतला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर बहुतेक टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. एनॅमल निघालं तर त्यावर एनसी प्रायमर, एनसी पुट्टी किंवा एनसी रंग अजिबात नको. त्यातलं थिनर खालच्या थरात शिरतं, तो थर फुगतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. घरी केलेली बरीच कामं इथेच फसतात. उलट क्रम चालतो: नीट घासलेल्या एनसीवर किंवा टूकेवर सिंथेटिक एनॅमल बसतं. म्हणून तुमच्यासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पद्धत धरा: रेड ऑक्साइड मेटल प्रायमर, वर चांगल्या कंपनीचं ग्लॉस सिंथेटिक एनॅमल, पातळ करायला फक्त मिनरल टर्पेंटाइन. रॉकेल घालू नका. त्याचा तेलकट अंश मागे राहतो, रंग वाळायला वेळ लावतो आणि चमक मरते.

घासण्याआधी धुणं. साबणाच्या पाण्याने, मग टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून लगेच कोरड्या चिंधीने. आधी घासून मग धुतलं तर ग्रीस आणि टायर-पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत दाबलं जातं आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

गंजाला ग्राइंडरवर वायर कप, खोल खड्ड्यांना ८० नंबरचा पेपर. पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. खड्ड्यांत काळे ठिपके उरलेच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा, पाण्याने पूर्ण धुवा, वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणातल्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी पिवळसर झालेला दिसतो.

भोकं पुट्टीने भरू नका. मागून ओल येत राहते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुट्टीचा खपला हातात येतो. बजेटमधले पैसे आधी वेल्डरला द्या, गंजलेला भाग कापून नवीन पत्र्याचा तुकडा लावून घ्या. खोलगट जागी पॉलिएस्टर पुट्टी, तीही ८० नंबरने ओरखडलेल्या उघड्या पत्र्यावरच, रेड ऑक्साइडवर नाही. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. एका वेळी पाच मिनिटांत संपेल एवढीच कालवा. थर २-३ मिमीच्या वर नको. ही पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची: ८०, १५०, मग २२०.

बाकी जुना घट्ट रंग काढायची गरज नाही. २२० आणि ३२० ने घासून चमक मोडा. पोपड्यांच्या कडा बोट फिरवल्यावर जाणवणार नाहीत इतक्या उतरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पुट्टी आणि उघडा पत्रा सोडून बाकी ठिकाणी ओला पेपर वापरा, मास्क लावा.

रंगाला ४ इंची बारीक फोमचे रोलर, पाच-सहा आणा. लिटरला १०० ते १५० मिली टर्पेंटाइन, रंग नायलॉनच्या जुन्या कापडातून गाळून. थर पातळ, पहिल्या थरातून खालचं दिसणारच, ते दिसू द्या. झाकायच्या नादात जाड थर दिला की उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. रोलर फिरवल्यावर लगेच कोरड्या रुंद ब्रशच्या टोकाने एकाच दिशेने हलका हात फिरवा, बुडबुडे फुटतात. पुढचा हात (थर) दुसऱ्या दिवशी. दोन हातांनंतर पूर्ण दोन दिवस थांबून ६०० च्या ओल्या पेपरने दाणे घासा, मग आणखी दोन हात. टबची आतली बाजू धरून ४ लिटर रंग आणि २ लिटर प्रायमर पुरावा.

गन_वाला_सांगली
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. कुणाकडून १-२ एचपीचा कॉम्प्रेसर मिळाला तर हेच एनॅमल गनने मारता येतं. १.४ ते १.८ नोझल, रंगाचा पातळपणा फोर्ड कप बी-४ ला (तळाला भोक असलेला मोजायचा कप) रिकामा व्हायला २० सेकंदांच्या आसपास, पत्र्यापासून १५-२० सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. छोट्या टाकीत हवा पुरत नाही, म्हणून एका वेळी एकच पॅनल. हवेच्या लाइनला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) लावाच. पण स्वस्तात मिळतंय म्हणून टूके पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरच्या शेडमध्ये गनने मारू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करू शकतं, कापडी मास्क काहीच अडवत नाही.

घाटवाट_चिपळूण
थिनरची चाचणी केली. बॉनेट सुरकुतलं, म्हणजे एनॅमल. मग पूर्ण खरवडायचं का? आणि आत्ता ऑक्टोबर चालू आहे, काम कधी धरू?

पत्रा_पेपर_प्रायमर
एनॅमलवर एनॅमल देताय, त्यामुळे पोपडे आहेत तेवढंच काढा. काम मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा आणि शेवटचा हात दुपारी दोनच्या आत संपवा. एनॅमल बोटाला चिकटायचं थांबायला चार-सहा तास लागतात. त्याआधी दव पडलं तर चमक जाऊन पांढुरकी झाक येते. बॉनेट उन्हात तापलेलं असेल तर तेही नको, रंग पसरायच्या आतच ओढायला लागतो. आदल्या संध्याकाळी शेडची जमीन पाण्याने भिजवा, धूळ बसते. मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच काढायची, वाळल्यावर काढली तर कड फाटते.

कागदपत्र_आधी
ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. दुसरा कोणताही रंग घेतलात, पण आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा असेल, तर आरटीओत नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आलं. बजेट तंग असताना आरसीवरचाच रंग सर्वांत सोयीचा. चेसिस नंबरच्या ठशावर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढू देऊ नका. फेरनोंदणीच्या वेळी तो वाचता यावा लागतो.

मॅटबद्दलही फेरविचार करा. मॅटवर चिखलाचे आणि ग्रीसचे डाग बसतात, आणि ते पॉलिशने काढता येत नाहीत.

लीफ_स्प्रिंग
टबच्या तळाची पाणी जायची भोकं रंगाने बुजतात, ती तारेने मोकळी करा. तळावर रबर मॅट चिकटवू नका, गंज तिच्याखालीच सुरू होतो. चेसिस रंगवताना शॅकलचे (स्प्रिंगच्या टोकाचा जोड) रबर बुश, ब्रेक होज आणि बॉडी अर्थचे (वायरिंगची अर्थ जोडणी) बोल्ट टेपने झाका. अर्थच्या जागी रंग गेला की दिवे मंद पडतात. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये रंग नको. आणि रंग झाल्यावर काचेचं रबर, हुक, सॉफ्ट टॉपचे पट्टे निदान आठवडाभर चढवू नका. एनॅमल वरून वाळलेलं दिसतं, पण आत मऊ असतं; रबराचा ठसा उमटला की तो भाग परत घासावा लागतो. प्रेशर वॉशर महिनाभर लांबच ठेवा.